कुलूपबंद नाद

जबलपूर शहरातील राइट टाउन किंवा नेपियर टाउन ह्यांसारख्या वस्तीतील एखाद्या मराठी घरात आज दिवाणखान्याचेच लहानसे चित्रगृह झालेले आढळते. भिंतीवर रुंद पडदा, त्याच्या दोन्ही अंगांस आणि श्रोत्यांच्या पाठीमागे स्पीकर, कोपऱ्यात खर्जाच्या आवाजासाठी ठेवलेली मोठी पेटी, आणि ह्या सर्वांना नाद पुरविणारे रिसीव्हर नावाचे यंत्र, असा हा संसार असतो. त्याला होम थिएटर असे म्हणतात. अशा घरात उत्तम प्रतीची ध्वनितबकडी लावली असता कधी कधी एक चमत्कारिक गोष्ट पाहावयास मिळते. तबकडीच्या वेष्टनावर ‘९६ किलोहर्ट्झ, २४ बिट’ असे छापलेले असते. रिसीव्हरच्या दर्शकावर मात्र ‘४८ किलोहर्ट्झ’ हा आकडा उमटतो. तार तुटलेली नसते, यंत्र बिघडलेले नसते, जोडणीही चुकलेली नसते. तरीसुद्धा तबकडीपासून रिसीव्हरपर्यंतच्या वाटेत नादाचा काही भाग गळून गेलेला असतो. आणि तो आपोआप गळलेला नसून मुद्दाम गाळलेला असतो.

हा भाग कोण गाळतो, कशासाठी गाळतो, आणि त्यामुळे ऐकणाऱ्याचे खरोखर काय जाते, ह्या तीन प्रश्नांचा विचार ह्या पुस्तिकेत करावयाचा आहे. त्याचे थोडक्यात उत्तर असे की, तबकडीची नक्कल होऊ नये म्हणून निर्मात्यांनी यंत्रांवर काही बंधने घातलेली आहेत. ह्या बंधनांस आपण ‘नकलबंदी’ म्हणू. नकलबंदी हे एक प्रकारचे कुलूप होय. परंतु चोर कोण आणि धनी कोण हे कुलपाला ओळखता येत नाही, आणि पुष्कळशी अडचण तेथूनच उत्पन्न होते.

नाद आकड्यांत कसा उतरतो

प्रथम नादाचे आकड्यांत रूपांतर कसे होते ते पाहू. नाद म्हणजे हवेच्या दाबात जलद होणारे चढउतार. मायक्रोफोन ह्या चढउतारांचे विद्युत्प्रवाहाच्या चढउतारांत रूपांतर करतो. ह्या प्रवाहाचे ठराविक अंतराने मोजमाप घेऊन येणारे आकडे ओळीने लिहून ठेवले, म्हणजे नादाची अंकित नोंद तयार होते. ह्या प्रत्येक मोजमापास ‘नमुना’ म्हणतात. एका सेकंदात किती नमुने घ्यावे ह्याचा नियम हॅरी नायक्विस्ट ह्याने १९२८ साली आणि क्लॉड शॅनन ह्याने १९४९ साली विशद केला. ज्या कंपनसंख्येपर्यंतचा नाद टिपावयाचा असेल, तिच्या दुपटीहून अधिक नमुने दर सेकंदास घेतले पाहिजेत, असा तो नियम आहे.

जबलपूरमध्ये दूरसंचाराचे शिक्षण देणारी जुनी व नामांकित संस्था आहे. दूरध्वनीचे तंत्र शिकणाऱ्याला हा हिशेब आरंभीच गिरवावा लागतो. दूरध्वनीवर मनुष्याचे बोलणे सुमारे ३,४०० हर्ट्झपर्यंत पोहोचले तरी भागते. म्हणून तेथे सेकंदाला ८,००० नमुने घेतात आणि प्रत्येक नमुना ८ बिटांत लिहितात. बिट म्हणजे शून्य किंवा एक ह्यांपैकी एक अंक. अर्थात एका संभाषणास सेकंदाला ६४,००० बिट लागतात. बोलणे कळण्यास हे पुरेसे आहे. परंतु ह्या वाटेने सतार पाठविली तर तिची जवारी वाटेतच हरवेल.

संगीतासाठी हिशेब मोठा करावा लागतो. तरुण माणसाच्या कानास सुमारे २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचे नाद ऐकू येतात. म्हणून १९८२ साली बाजारात आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कसाठी, म्हणजे सीडीसाठी, दर सेकंदास ४४,१०० नमुने आणि प्रत्येक नमुन्यास १६ बिट असे प्रमाण ठरविण्यात आले. डावा व उजवा अशा दोन वाहिन्या धरून हे सेकंदाला १४,११,२०० बिट होतात.

बिटांची संख्या वाढविल्याने काय साधते? जबलपूरजवळच्या भेडाघाटाचे उदाहरण घेऊ. धुवाँधार येथे नर्मदेचा प्रवाह कड्यावरून कोसळतो, तेथे शेजारच्या माणसाचे बोलणेही ऐकू येत नाही. तेथून काही अंतरावर संगमरवरी खडकांच्या घळीत तीच नर्मदा इतकी शांत असते की, वल्ह्यावरून ओघळणाऱ्या थेंबांचा आवाज कानी पडावा. ह्या दोन्ही ठिकाणांचे नाद एकाच नोंदीत घ्यावयाचे तर मोजपट्टी लांबही हवी आणि तिच्यावरच्या खुणा बारीकही हव्या. १६ बिटांच्या मोजपट्टीवर ६५,५३६ खुणा असतात. २४ बिटांच्या मोजपट्टीवर १,६७,७७,२१६. प्रत्येक वाढीव बिटामागे सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान नादांमधील अंतर सुमारे ६ डेसिबेलांनी वाढते. त्यामुळे १६ बिटांत सुमारे ९६ डेसिबेलांचे अंतर मावते, तर २४ बिटांत, निदान कागदावर तरी, १४४ डेसिबेलांचे मावते.

निसर्गाने घातलेले कुलूप

आता नकलेकडे वळू. शाळेतील मुलांना सहज करता येण्याजोगा एक प्रयोग आहे. एका मुलाने कागदावर मोराचे चित्र काढावे. दुसऱ्याने त्यावर पातळ कागद ठेवून ते गिरवावे. तिसऱ्याने दुसऱ्याचे चित्र गिरवावे, चौथ्याने तिसऱ्याचे, आणि असे दहा जणांनी करावे. दहावा मोर पहिल्याशी ताडून पाहिला असता तो बहुधा कोंबड्यासारखा दिसू लागलेला असेल. आता दुसऱ्या दहा मुलांनी एकमेकांच्या वहीतून सतराचा पाढा उतरवून घ्यावा. लक्षपूर्वक काम केल्यास दहाव्या वहीतील पाढा पहिल्यासारखाच असेल. अक्षर निराळे असेल, पण आकडा एकही बदललेला नसेल.

ध्वनिफीत आणि अंकित नोंद ह्यांत नेमका हाच भेद आहे. १९८०च्या सुमारास भारतभर कॅसेटचा प्रसार झाला, तेव्हा तिच्या नकलाही गल्लोगल्ली होऊ लागल्या. परंतु प्रत्येक नकलेबरोबर फितीची खरखर वाढे, उंच स्वर बोथट होत, आणि नकलेची नक्कल काढली तर गायकाचा आवाज कांबळ्याआडून यावा तसा येई. म्हणजे ध्वनिफितीला निसर्गानेच एक कुलूप घातलेले होते. अशा नकलांनीही कलावंतांचे व प्रकाशकांचे बरेच नुकसान केले. तथापि नक्कल मुळाची बरोबरी करू शकत नसे, एवढा दिलासा त्यांना होता.

अंकित नोंदीने हा दिलासा काढून घेतला. आकडे उतरवून घेण्यात काहीच झिजत नाही. शंभरावी नक्कल मुळाइतकीच शुद्ध असते. ज्या गायकाने, वादकाने, ध्वनिमुद्रण करणाऱ्या तंत्रज्ञाने त्या तबकडीसाठी कष्ट घेतले, त्यांच्या निर्वाहाचा प्रश्न येथे उभा राहतो, आणि तो खोटा नाही. निसर्गाचे कुलूप गेले, तेव्हा माणसाने आपले कुलूप बसवावयाचे ठरविले. ते कसकसे बसविले गेले हा पुढचा इतिहास आहे.

षड्जाच्या सोळाव्या स्वरावर घाला

१९८७ साली अंकित ध्वनिफीत बाजारात आली. तिच्यावर सीडीच्या तोडीची नोंद घरच्या घरी करता येत असे. त्याच सुमारास अमेरिकेतील सीबीएस कंपनीने ‘कॉपीकोड’ नावाची एक युक्ती पुढे मांडली. प्रत्येक तबकडी तयार करताना ३,८४० हर्ट्झच्या आसपासच्या कंपनांची एक चिंचोळी पट्टी संगीतातून कापून टाकावयाची, आणि नोंद घेणाऱ्या यंत्रात असा पहारेकरी बसवावयाचा की, ही पट्टी रिकामी आढळताच त्याने यंत्र थांबवावे.

३,८४० हर्ट्झ हा स्वर फार उंच असल्यामुळे त्याच्यावाचून अडणार नाही असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु तंबोऱ्याचा षड्ज २४० हर्ट्झचा धरला, तर त्याच्या बरोबर सोळापट कंपनसंख्येचा स्वयंभू स्वर ३,८४० हर्ट्झवर पडतो. कोणताही वाद्यनाद हा एकटा स्वर नसतो. मूळ स्वर आणि त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे स्वयंभू स्वर ह्यांचा तो समुदाय असतो, आणि ह्या समुदायावरूनच सारंगी कोणती व बासरी कोणती हे आपणास कळते. त्यांतील एक जरी कापला तरी नादाच्या रंगात फरक पडू शकतो.

अमेरिकेच्या राष्ट्रीय प्रमाण संस्थेने ह्या युक्तीची परीक्षा करून १९८८ साली आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. काही संगीतात हा काप कानास जाणवतो. पहारेकरी नेहमी बरोबर काम करीत नाही. आणि त्याला चुकविणे सोपे आहे, असे तीन दोष तिने दाखविले. त्यानंतर ही योजना मागे पडली. तथापि ती लक्षात ठेवण्यासारखी आहे. कारण नकलेपासून रक्षण करण्यासाठी मूळ संगीतालाच, म्हणजे पैसे मोजून तबकडी घेणाऱ्याच्या संगीताला, कात्री लावावी ही कल्पना तेथे अगदी उघड रूपात दिसते. पुढच्या योजनांत तीच कल्पना अधिक आडून आलेली आहे.

कॉपीकोडच्या जागी दुसरी, सौम्य योजना आली. अमेरिकेत १९९२ साली झालेल्या घरगुती ध्वनिमुद्रणविषयक कायद्यान्वये अंकित ध्वनियंत्रांना नकलांची मोजदाद ठेवणे भाग पडले. तारेतून जाणाऱ्या आकड्यांबरोबर एकदोन बिटांची खूण जाते. ‘हे मूळ आहे, नक्कल घेण्यास हरकत नाही’ किंवा ‘ही नक्कलच आहे, हिची नक्कल घेऊ नये’ असा तिचा अर्थ असतो. मुळावरून हव्या तितक्या नकला घ्याव्या, परंतु नकलेवरून नक्कल घेऊ नये, असा हा व्यवहार होता. येथे संगीताच्या आकड्यांना धक्का लागत नसे.

नव्या तबकड्या, अरुंद वाट

१९९९ साली सुपर ऑडिओ सीडी आणि २००० साली डीव्हीडी-ऑडिओ अशा दोन नव्या तबकड्या आल्या. सीडीहून पुष्कळ अधिक तपशील आणि दोनऐवजी सहा वाहिन्या हे त्यांचे आकर्षण होते. परंतु त्यांच्या जन्माच्या वेळीच एक घटना घडली. चित्रपटांच्या डीव्हीडीवर घातलेले सांकेतिक कुलूप १९९९ साली फोडले गेले. डीव्हीडी-ऑडिओचे आगमन त्यामुळे लांबणीवर पडले, आणि तिला अधिक कडक कुलूप घालण्यात आले. यंत्रातून बाहेर पडणारी साधी अंकित वाट त्या कुलपाच्या पहाऱ्यात नव्हती. म्हणून त्या वाटेने ४८ किलोहर्ट्झ आणि १६ बिट ह्यांहून अधिक प्रतीचा नाद जाऊ द्यावयाचा नाही, असा निर्बंध घातला गेला. सुपर ऑडिओ सीडीच्या बाबतीत तर तिचा उच्च प्रतीचा थर त्या वाटेने मुळीच बाहेर पडत नसे.

ह्या निर्बंधाचा हिशेब करून पाहू. ९६,००० नमुने, २४ बिट आणि दोन वाहिन्या मिळून सेकंदाला ४६,०८,००० बिट होतात. ४८,००० नमुने, १६ बिट आणि दोन वाहिन्या मिळून १५,३६,००० बिट होतात. म्हणजे तीन भागांपैकी एकच भाग रिसीव्हरपर्यंत पोहोचतो. उरलेले दोन भाग दाराशीच टाकून दिले जातात. सहा वाहिन्यांची नोंद असेल तर ती १,३८,२४,००० बिटांची असते, आणि दोन वाहिन्यांपुरती खाली आणली की नऊ भागांतील एक भाग शिल्लक राहतो.

येथे एक भेद नीट समजून घ्यावयास हवा. वाटेची कुवत कमी असणे ही एक गोष्ट, आणि वाटेने जाण्याची परवानगी नसणे ही दुसरी. घरगुती यंत्रांतील साधी अंकित तार, मग ती तांब्याची असो वा प्रकाश वाहणारी काचतंतूसारखी असो, मुळात दोन वाहिन्यांसाठी आखलेली आहे. तिच्यातून सहा वाहिन्यांचा न दाबलेला नाद जात नाही. ही तिची खरीखुरी मर्यादा आहे, आणि तिच्याबद्दल नकलबंदीला दोष देता येणार नाही. म्हणूनच चित्रपटांचा सहा वाहिन्यांचा नाद त्या तारेतून दाबून पाठवितात. डीव्हीडीवर हा दाबलेला नाद बहुधा ४,४८,००० बिटांपर्यंतचा असतो. परंतु दोन वाहिन्यांचा ९६ किलोहर्ट्झ व २४ बिटांचा नाद तीच तार सुखाने वाहून नेऊ शकते. तेथे अडथळा असतो तो केवळ परवानगीचा. आपल्या घरी आवाज कमी प्रतीचा येत असेल, तर ह्या दोहोंपैकी कारण कोणते हे प्रथम पाहावे.

ह्यावर निर्मात्यांनी तेव्हा सुचविलेला उपाय म्हणजे सहा वाहिन्यांसाठी सहा निरनिराळ्या जुन्या पद्धतीच्या तारा. आकड्यांचे रूपांतर तबकडीयंत्रातच विद्युत्प्रवाहात करावयाचे आणि तो प्रवाह रिसीव्हरकडे न्यावयाचा. त्यातही तोटा असे. खोलीच्या आकाराप्रमाणे प्रत्येक स्पीकरचा नाद किंचित पुढेमागे करणे, खर्जाचा भाग मोठ्या पेटीकडे वळविणे ही रिसीव्हरची कामे आकड्यांवर चालतात. आकडेच आले नाहीत तर त्याला ती करता येत नाहीत. किंवा आलेल्या प्रवाहाचे पुन्हा आकडे करून, ते पुन्हा प्रवाहात बदलावे लागतात. अर्थात प्रत्येक बदलात थोडी झीज होतेच.

दोन यंत्रांची ओळख

२००२ साली एचडीएमआय ही नवी तार निघाली. चित्र आणि नाद एकाच तारेतून नेण्याची तिची कुवत मोठी होती, आणि तिच्याबरोबर एचडीसीपी नावाचे कुलूपही आले. २००४, २००५ आणि २००६ सालच्या सुधारणांमुळे डीव्हीडी-ऑडिओ, सुपर ऑडिओ सीडी आणि चित्रपटांचा न झिजणारा बहुवाहिनी नाद अनुक्रमे तिच्यातून जाऊ लागला. वाट रुंद झाली, कारण तिच्यावर आता पहारा होता.

हा पहारा मोठ्या कल्पकतेने योजलेला आहे. प्रत्येक यंत्रात ४० गुप्त संख्या असतात. प्रत्येक संख्या ५६ बिटांची. शिवाय प्रत्येक यंत्राजवळ ४० बिटांची एक उघड खूण असते, आणि तिच्यात नेमके २० एक व २० शून्ये असतात. दोन यंत्रे जोडली की ती प्रथम आपापल्या उघड खुणा एकमेकांस सांगतात. मग प्रत्येक यंत्र दुसऱ्याच्या खुणेत जेथे जेथे ‘एक’ असेल, तेथल्या आपल्या गुप्त संख्या निवडून त्यांची बेरीज करते. गुप्त संख्या अशा कौशल्याने वाटलेल्या असतात की, दोन्ही यंत्रांची बेरीज सारखीच येते. ह्या बेरजेच्या आधारे चित्र व नाद सांकेतिक रूपात पाठविले जातात. कुलपाची किल्ली तारेतून जातच नाही. दोन्हीकडे ती आपापली घडते.

ह्या गणिताचे मर्म साध्या बेरजेत आहे, आणि त्याचे दौर्बल्यही तेथेच आहे. सुमारे ४० यंत्रांच्या गुप्त संख्या हाती आल्यास सर्व संख्यांचे मूळ काढता येईल, असे संशोधकांनी २००१ सालीच दाखवून दिले होते. २०१० साली ते मूळ खरोखरच उघड झाले. त्यानंतर निराळ्या व अधिक बळकट पद्धतीचे कुलूप वापरात आले.

श्रोत्याच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की, एचडीएमआय तारेत नाद हा चित्राच्या ओळींमधल्या मोकळ्या जागांतून प्रवास करतो, आणि चित्राबरोबर तोही सांकेतिक रूपात असतो. म्हणून दोन यंत्रांची ओळख पटली नाही तर नादही अडतो. नवे तबकडीयंत्र, नवा पडदा आणि त्या दोहोंमध्ये नव्या कुलपाच्या आधीचा जुना रिसीव्हर अशी मांडणी असेल, तर नव्या कुलपाची भाषा मधल्या रिसीव्हरला येत नाही. तो उत्तम अवस्थेत असूनही त्याच्यातून चित्र पुढे सरकत नाही, किंवा कमी प्रतीचे सरकते. पुष्कळांनी निर्दोष रिसीव्हर टाकून नवे घेतले ते ह्याच कारणाने. काही तबकडीयंत्रांना ह्यासाठी दोन तारा ठेवलेल्या असतात. एका तारेने चित्र थेट पडद्याकडे न्यावे आणि दुसरीने केवळ नाद जुन्या रिसीव्हरकडे न्यावा, असा तो तोडगा आहे.

संगणकावर आणि नादाच्या पोटात

२००६ साली ब्लू-रे तबकडी आली, तेव्हा संगणकावरून ती ऐकणाऱ्यांना डीव्हीडी-ऑडिओचाच अनुभव पुन्हा आला. ज्या संगणकात आरंभापासून अखेरपर्यंत पहाऱ्याची ध्वनिवाट नसेल, तेथे न झिजणारा नाद ४८ किलोहर्ट्झ व १६ बिटांवर आणूनच बाहेर सोडावा, असा नियम होता. शेदोनशे रुपयांचे ध्वनिकार्ड असो वा हजारोंचे, नियम सर्वांस सारखा. २००९ सालच्या सुमारास पहाऱ्याची वाट असलेली कार्डे बाजारात आली, तेव्हा ही अडचण दूर झाली. तोपर्यंत तीच तबकडी साध्या घरगुती यंत्रात एका प्रतीची आणि महागड्या संगणकात कमी प्रतीची वाजत असे.

आणखी एक प्रकार सांगितला पाहिजे. चलनी नोट उजेडासमोर धरली की तिच्यात जलचिन्ह दिसते. तसेच चिन्ह नादात घालण्याची सिनाव्हिया नावाची पद्धत आहे, आणि २०१२ सालापासून नव्या ब्लू-रे यंत्रांत ती ओळखणारा पहारेकरी सक्तीचा झाला. हे चिन्ह नादाच्या लहरींतच मिसळलेले असल्यामुळे चित्रगृहात बसून केलेल्या चोरट्या मुद्रणातही ते टिकते. अनधिकृत नक्कल लावली असता यंत्राला ते चिन्ह सापडते आणि काही वेळाने आवाज बंद पडतो. चिन्ह कानास जाणवत नाही असे त्याचे निर्माते सांगतात. परंतु ते मूळ तबकडीतही असते. म्हणजे प्रामाणिक ग्राहकाच्या नादातही ते मिसळलेलेच असते.

कानाला फरक कळतो काय?

आता शास्त्रीय प्रामाणिकपणाचा प्रश्न येतो. तीनपैकी दोन भाग गाळले हे खरे. पण ते ऐकू येत होते काय? ४८ किलोहर्ट्झच्या नोंदीत जवळजवळ २४,००० हर्ट्झपर्यंतचा नाद मावतो, आणि त्यापलीकडचा नाद मनुष्याच्या कानास ऐकू येत नाही. २००७ साली मेयर आणि मोरन ह्या दोघांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. उच्च प्रतीचा नाद आणि तोच सीडीच्या प्रतीवर आणलेला नाद श्रोत्यांना न सांगता ऐकवून त्यांना ओळखावयास सांगितले. ५५४ वेळांपैकी २७६ वेळा उत्तर बरोबर आले. म्हणजे नाणे उडवून कौल घेतला असता जेवढे आले असते तेवढेच. २०१६ साली रीस ह्याने अशा अठरा प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र तपासले, तेव्हा बरोबर उत्तरांचे प्रमाण शेकडा ५२च्या आसपास निघाले. फरक असेल तर तो फार थोडा आहे, एवढेच ह्यावरून म्हणता येते.

तेव्हा नकलबंदीमुळे होणाऱ्या हानीची प्रतवारी लावणे योग्य होईल. दोन वाहिन्यांचा नाद काळजीपूर्वक ४८ किलोहर्ट्झ व १६ बिटांवर आणला, तर बहुतेकांना भेद कळणार नाही. तेच काम निष्काळजीपणे केले, खालचे आठ बिट नुसते छाटून टाकले, तर अगदी हलक्या स्वरांत, तंबोरा विरत जातो त्या क्षणी, किंचित खरखरीत विकृती येऊ शकते. सहा वाहिन्यांचा अखंड नाद दोन वाहिन्यांत कोंबला, तर हानी उघड आहे. पाठीमागून येणारा आवाज पुढून येऊ लागतो. आणि ओळख न पटल्याने नाद मुळीच आला नाही, तर ती संपूर्ण हानी होय. बाजारातील जाहिराती पहिल्या प्रकाराविषयी फार बोलतात. श्रोत्याने शेवटच्या दोन प्रकारांविषयी अधिक सावध असावे.

ग्रंथालयांपुढील प्रश्न

परंतु ह्या विषयातील सर्वांत गंभीर भाग घरच्या दिवाणखान्यात नाही. तो ग्रंथालयांच्या कपाटांत आहे.

आपल्याकडील स्वामित्वहक्काचा कायदा १९५७ सालचा आहे. २०१२ साली त्यात दुरुस्ती होऊन ६५-अ हे कलम आले. हक्कांचा भंग करण्याच्या हेतूने संरक्षक कुलूप चुकविणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास आणि दंड अशी शिक्षा त्यात सांगितली आहे. कायद्याने मनाई न केलेल्या कामासाठी कुलूप उघडण्यास मात्र त्याच कलमात मुभा आहे. दुसऱ्यास त्या कामी साहाय्य करणाऱ्याने त्याचे नाव, पत्ता व हेतू ह्यांची नोंद ठेवावी अशी अट आहे. ह्याच कायद्याच्या ५२व्या कलमानुसार, नफ्यासाठी न चालविलेल्या सार्वजनिक ग्रंथालयास आपल्याजवळील कृतीची जतनासाठी विद्युत्साधनांनी साठवण करता येते. मात्र ग्रंथालयाजवळ त्या कृतीची अंकित नसलेली प्रत आधीपासून असली पाहिजे.

ह्या शेवटच्या अटीचा अर्थ लक्षात घ्यावा. एखाद्या वाचनालयाजवळ नाट्यसंगीताची लाखेची ध्वनिमुद्रिका किंवा जुनी कॅसेट असेल, तर जतनासाठी तिची अंकित नोंद करून ठेवण्यास हे कलम स्पष्ट आधार देते. परंतु तेच संगीत कुलूपबंद अंकित तबकडीवर असेल, तर त्याच कलमाचा आधार तितक्या सरळपणे मिळत नाही. लाखेच्या मुद्रिकेला कुलूप नाही. सुई आणि फिरती चकती असली की शंभर वर्षांपूर्वीचा आवाज आजही निघतो. कुलूपबंद तबकडीला मात्र ती ओळखणारे यंत्र, त्या यंत्रास ओळखणारा रिसीव्हर आणि त्या दोघांची चालू असलेली किल्ली, ही तिन्ही लागतात. त्यांतले एक जरी बाजारातून गेले तरी तबकडी शाबूत असून मुकी होते.

शिवाय आपल्या कायद्याने ध्वनिमुद्रणावरील हक्काची मुदत प्रसिद्धीनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे ठरविली आहे. ती संपली की ते संगीत सर्वांचे होते. कायद्यातील हक्काला अशी मुदत आहे, कुलपाला नाही. साठ वर्षे भरली म्हणून ते आपोआप उघडत नाही, कारण त्याला पंचांग कळत नाही. हक्क संपल्यानंतरही कुलूप राहिले, तर जे समाजाला परत मिळावयाचे ते परत मिळत नाही. कलावंताचे न्याय्य उत्पन्न राखणे आणि समाजाचा न्याय्य वारसा राखणे, ह्या दोन्ही गोष्टी कायद्याला अभिप्रेत आहेत. कुलूप पहिलीच तेवढी जाणते.

संगीताच्या व्यापाराने ह्या बाबतीत काही धडा घेतलेला दिसतो. ॲपल कंपनीने २००९ साली आपल्या दुकानातून विकत मिळणाऱ्या गाण्यांवरचे कुलूप काढून टाकले, आणि कुलपावाचून उच्च प्रतीच्या नोंदी विकणारी दुकानेही आज आहेत. चित्रपटांच्या तबकड्यांवर आणि वर्गणी भरून ऐकावयाच्या संगीतावर मात्र कुलूप कायम आहे.

सामान्य ग्राहकाने, आणि त्याहून अधिक शाळेसाठी वा वाचनालयासाठी खरेदी करणाऱ्याने, काही गोष्टी पाहून घ्याव्या. यंत्रे जोडल्यानंतर रिसीव्हरच्या दर्शकावर कोणता आकडा उमटतो आणि किती वाहिन्या दाखविल्या जातात ते वेष्टनावरच्या आकड्यांशी ताडून पाहावे. नवे यंत्र घेताना त्यातील कुलपाची पिढी जुन्या यंत्रांशी जुळते की नाही हे दुकानातच विचारावे. एकच संगीत कुलूपबंद आणि कुलपावाचून अशा दोन्ही रूपांत मिळत असेल, तर संग्रहासाठी दुसरे घ्यावे, मग त्याचा कागदोपत्री आकडा थोडा कमी का असेना. आणि ज्यांच्या कपाटात जुन्या ध्वनिमुद्रिका व फिती पडून आहेत, त्यांनी कायद्याने दिलेल्या मुभेचा लाभ घेऊन त्यांची नोंद आताच करून ठेवावी. फिती दरवर्षी थोड्या थोड्या झिजत आहेत, आणि त्यांच्यावरील आवाज पुन्हा मुद्रित करण्यासाठी ते गायक आता आपल्यात नाहीत.